खेळ आहे, गडी पाहिजेत

कबड्डीला चौदा गडी लागतात, बुद्धिबळाला दोन आणि पत्त्यांच्या पेशन्सला एक. ऑनलाइन खेळाला किती लागतात? याचं उत्तर खेळाच्या जाहिरातीत कुठेच लिहिलेलं नसतं. इंटरनेटवर असे कितीतरी खेळ आहेत की ज्यांचे नियम उत्तम, चित्रं बरी, किंमत शून्य, आणि सर्व्हरवर मात्र माणूस नाही. आपण मोठ्या हौसेने खेळ उतरवून घ्यायचा, नाव नोंदवायचं, आत शिरायचं, आणि समोर रिकाम्या खोल्यांची यादी. पाच मिनिटं वाट पाहून आपणही बाहेर पडतो. आपण बाहेर पडल्यावर सहाव्या मिनिटाला दुसरा कोणी येतो आणि तोही पाच मिनिटं थांबून जातो. दोघांनाही वाटतं, 'इथे कोणी खेळतच नाही बे!'

या लेखात मी याच आजाराबद्दल लिहिणार आहे. मी संगणक शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गाव भातकुली, मुक्काम होस्टेल. आमच्या मजल्यावर आम्ही अकरा जण 'बॅटल फॉर वेस्नॉथ' नावाचा खेळ खेळतो. डेव्हिड व्हाइट या प्रोग्रामरने तो 2003 मध्ये सुरू केला. तेव्हापासून जगभरचे हौशी लोक मिळून तो वाढवत आहेत. सोर्स कोड खुला, खेळ फुकट, आणि मजल्यावरच्या सर्वांत म्हाताऱ्या लॅपटॉपवरसुद्धा चालतो. षटकोनी घरांचा पट, त्यावर दोन फौजा, आणि बुद्धिबळासारखी आळीपाळीने चाल. दिवस मावळला की माणसांची ताकद पाव हिश्श्याने घटते आणि भुताखेतांची तेवढीच वाढते. आता एवढा रंगतदार खेळ, पण बाकीच्या होस्टेलला विचाराल तर उत्तर येतं, 'कोनता? तो चौकटीवाला?' चौकटी नाहीत, षटकोन आहेत. असो.

खरी काळजी वेगळीच आहे. या अकरांपैकी पाच जण शेवटच्या वर्षाला आहेत. परीक्षा झाली की ते पुण्याला नाहीतर बंगळुरूला जाणार. राहिलो सहा. त्यातल्या दोघांची लक्षणं बरी नाहीत, एकाला गेटची तयारी करायची आहे आणि दुसरा प्रेमात आहे. म्हणजे चार! अशा वेळी चाहत्यांनी करायचं काय, हा माझ्यासाठी निबंधाचा विषय नसून या सत्राचा प्रश्न आहे.

आधी आपल्याच गावात पाहू

गडी जमवण्याची ही अडचण इंटरनेटने निर्माण केलेली नाही. अमरावतीकरांना तर ती शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. आपल्या शहरातलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 साली स्थापन झालं. संस्थेच्या नावातच 'प्रसारक' हा शब्द आहे. नुसता व्यायाम करायचा नाही, तो पसरवायचा. 1936 साली बर्लिनला ऑलिंपिक भरलं तेव्हा या मंडळाच्या चमूने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यात कबड्डीही होती. त्या काळात अमरावतीहून मुंबई, तिथून बोट, आणि मग युरोप! आपल्याला होस्टेलातून बडनेरा स्टेशनला जायचं म्हटलं तरी ऑटोवाल्याशी घासाघीस करावी लागते.

पण इथे एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. बर्लिनमध्ये लोकांनी खेळ पाहिला, म्हणून जर्मनीत गल्लोगल्ली कबड्डी सुरू झाली का? नाही. आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून जागा मिळाली ती 1990 साली, बीजिंगला. बर्लिननंतर चोपन्न वर्षांनी! या मधल्या काळात जे घडलं ते प्रात्यक्षिकाइतकं झगमगीत नव्हतं, पण माझ्या मते गडी त्यानेच आणले.

पहिली गोष्ट नियमांची. कबड्डीची आपल्याकडे वेगवेगळी रूपं होती. संजीवनीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होऊन मैदानात येई, गामिनीत बाद झालेला बाहेरच बसे, आणि अमरमध्ये बाद होऊनही कोणी बाहेर जात नसे, फक्त गुण मोजत. महाराष्ट्रात हुतूतू, तामिळनाडूत चेडुगुडू, बंगालमध्ये हाडुडू. आता सांगा, साताऱ्याचा गडी आणि वऱ्हाडचा गडी एका मैदानात उतरला तर भांडण पक्कं की नाही? विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत महाराष्ट्रातल्या आणि बडोद्याच्या क्रीडाप्रेमींनी बसून नियम ठरवले, छापले, त्या नियमांवर सामने भरवले. खो-खोच्या नियमांचं काम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर 1914 च्या सुमारास सुरू झालं, त्याची कथाही अशीच. नियम छापलेला असला की अनोळखी माणूस न विचारता खेळात येऊ शकतो.

दुसरी गोष्ट जपानची. 1979 साली भारतातून एक प्रशिक्षक जपानला गेले आणि दोन महिने फिरून तिथल्या लोकांना कबड्डी शिकवून आले. मोठं स्टेडियम नाही, राष्ट्रगीत नाही. पण 1990 ला बीजिंगमध्ये कबड्डीचे जे मोजके संघ उतरले त्यांत जपान होता. बर्लिनला गर्दीने पाहिलं. जपानात मूठभर लोकांनी हातात धरून शिकून घेतलं. प्रेक्षक आणि गडी या दोन वेगळ्या जाती आहेत, आणि एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायला मध्ये कोणीतरी शिकवणारा लागतो.

(जाता जाता, 2018 च्या आशियाई स्पर्धेत पुरुष आणि महिला दोन्ही गटांत इराणने सुवर्णपदक नेलं आणि आपण हळहळलो. मला तर त्या दिवशी वाटलं, आता खेळ खरा पसरला. ज्याचा खेळ तोच कायम जिंकतो तोवर बाकीच्यांना त्यात काय रस?)

रिकाम्या सर्व्हरचं गणित

आता थोडं गणित करू. इंजिनिअरिंगच्या मॅगझिनमध्ये गणित नको म्हणणाऱ्याने हा परिच्छेद सोडून द्यावा, पण सगळी मेख इथेच आहे.

समजा एका खेळाचे 200 पक्के चाहते आहेत. प्रत्येक जण आठवड्यातून चार वेळा, प्रत्येक वेळी तासभर खेळायला येतो. वाटेल तेव्हा येतो, कोणी पहाटे, कोणी दुपारी. आठवड्याचे तास 168. म्हणजे एका वेळी सर्व्हरवर सरासरी माणसं किती? 200 गुणिले 4 भागिले 168, उत्तर पावणेपाचच्या आसपास. दोनशे चाहते असूनही हजर पाच! आठवड्यात एकूण 800 वेळा कोणीतरी दार उघडतं, म्हणजे साधारण दर साडेबारा मिनिटांनी एक जण. खेळ दोघांचा असेल आणि रिकाम्या सर्व्हरवर आलेला माणूस तीन मिनिटांत कंटाळून जात असेल, तर त्या तीन मिनिटांत दुसरा येण्याची शक्यता पॉइसाँच्या सूत्राने पाचात एक इतकीच निघते. पाचातले चार निराश होऊन जाणार. आणि खेळ दहा जणांचा असेल तर? पहिल्या माणसाला आणखी नऊ जणांची वाट पाहायची. नऊ गुणिले साडेबारा, जवळजवळ दोन तास. दोन तासांत अमरावतीहून भातकुलीला एसटीने जाऊन घरी चहा पिऊन होईल. एका वेळी पन्नास-शंभर लोक मागणाऱ्या 'बॅटल रॉयल' खेळांबद्दल तर बोलायलाच नको. तिथे गडी कमी पडले की खोली संगणकाच्या बाहुल्यांनी भरतात आणि आपण कोणावर शूर झालो हे आपल्याला कळतही नाही.

याच दोनशेंपैकी फक्त तीस जणांनी 'रविवारी रात्री नऊ ते दहा' एवढं ठरवलं तर? त्या तासाला तीस माणसं हजर. वाट पाहणं शून्य. चाहते तेवढेच, जाहिरातीला पैसा नाही, फक्त वेळ ठरवली.

हे शोधून काढायला पॉइसाँ कशाला पाहिजे, आमच्या गावच्या आठवडी बाजाराला विचारा. भाजीवाला, मिरचीवाली, दोरखंडवाला, भांड्याला कल्हई करणारा, हे रोज बसले तर रोज उपाशी राहतील. आजूबाजूच्या खेड्यांतला माणूस रोज येत नाही. पण दिवस बांधलेला असला की सगळे एकाच दिवशी येतात आणि सकाळपासून पाय ठेवायला जागा नसते. लहान खेळाच्या चाहत्यांनी बाजार भरवावा, दुकान उघडू नये. चोवीस तास सर्व्हर चालू आहे याचं भूषण नको. तो आठवड्यातून दोन तास गच्च भरलेला पाहिजे. आमचा वार शनिवार ठरला, कारण रविवारी सकाळी लवकर उठायचं नसतं, आणि मेसमध्ये शनिवारी रात्री जेवण लवकर आटोपतं. असली स्थानिक कारणं पाहूनच वेळ ठरवावी.

गळकी टाकी

नवे लोक आणण्याचा सर्वांनाच फार उत्साह. आलेले टिकतात का हे कोणी पाहत नाही. समजा दर महिन्याला दहा नवे येतात आणि असलेल्यांपैकी वीस टक्के गळतात. मग संख्या कुठे थांबेल? जिथे येणारे आणि जाणारे सारखे होतील तिथे, म्हणजे पन्नासवर. आता गळती वीसवरून दहा टक्क्यांवर आणली तर संख्या शंभरवर थांबेल. नव्यांची आवक दुप्पट केली असती तरी एवढंच मिळालं असतं. पण आवक दुप्पट करणं कठीण आणि गळती अर्धी करणं त्यामानाने सोपं, कारण गळतीची कारणं आपल्याच हातात असतात. बहुतेक वेळा आपण स्वतःच ती असतो!

आमच्या भातकुली तालुक्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. विहीर खोदली तर पाणी लागतं, पण खारं. वाटसरूला लांबून विहीर दिसते, तो हौसेने येतो, एक घोट घेतो आणि जातो. काही खेळांचे जुने चाहते असेच असतात. गर्दी आहे, पण नवा आला की त्याला पहिल्याच डावात चिरडायचं, वर 'नूब' म्हणायचं, आणि मग तक्रार करायची की लोक येत नाहीत.

आम्ही यावर एक नियम केला. नव्या गड्याशी पहिले तीन डाव जो खेळेल त्याने अर्ध्या सोन्याने सुरुवात करायची आणि प्रत्येक चालीनंतर आपण ती का केली हे सांगायचं. यात आपलाही फायदा होतो. भालाईत गवतावर उभा असला तर त्याच्यावरचे दहातले सहा वार लागतात आणि गावात किंवा गढीत उभा असला तर चारच, हे सांगताना आपल्याला स्वतःला आठवतं की मघाशी आपण त्याला गवतात का उभं केलं होतं. वेस्नॉथमध्ये नशिबाचा भाग आहे, आणि नवा माणूस पहिल्यांदा हरला की फाशांना शिव्या देतो. त्याला टक्केवारी समजावणं हा खेळाच्या शिकवणीचा अर्धा भाग. आमच्या मेकॅनिकलच्या एका मित्राला प्रोबॅबिलिटी सरांनी शिकवली, पण पटवली ती वेताळांच्या फौजेने.

आणखी एक. शिकाऊ माणूस खेळताना पाहायला लोकांना आवडतं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये विनोदी कलाकार समय रैना याने यूट्यूबवर बुद्धिबळ खेळायला सुरुवात केली. तो काही ग्रँडमास्टर नव्हता. चुकायचा, हरायचा, हसायचा, आणि पाहणाऱ्या हजारो पोरांना वाटलं की एवढं तर आपल्यालाही जमेल. ज्यांनी आयुष्यात पट उघडला नव्हता त्यांनी त्या वर्षी उघडला. तेव्हा तुमच्या खेळाचा व्हिडिओ करायचा असेल तर सगळ्यात हुशार गड्याला बसवू नका, कालच शिकायला लागलेल्याला बसवा.

आपली भाषा, दोन पानं

जी गोष्ट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित, ती म्हणजे मराठीतून माहिती. इंग्रजी न समजणारा होस्टेलात कोणी नाही असं आपण धरून चालतो. समजणं वेगळं आणि रात्री अकराला थकल्यावर चाळीस पानांचं इंग्रजी मदतपुस्तक वाचणं वेगळं. आम्ही दोन पानांत मराठी सूचना लिहिल्या, त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि मेसच्या नोटीस बोर्डावर लावल्या.

लिहिताना लक्षात आलं की खेळाची मराठी शब्दसंपत्ती आपल्याकडे आयती पडून आहे, कबड्डी-खोखोने ती देऊन ठेवली आहे. डाव, पाळी, चढाई, पकड, बाद, गडी, राखीव, सगळे तयार. 'अनडेड' या फौजेला काय म्हणायचं यावर मात्र दोन रात्री वाद झाला. 'अमृत' म्हटलं तर अर्थ उलटा होतो, 'जिवंत प्रेतं' लांबलचक. शेवटी परतवाड्याचा एक जण म्हणाला, "मुंजे म्हना ना भाऊ, साऱ्याइले समजते." मुंजे ठरले. आता होस्टेलात त्या फौजेला इंग्रजी नावाने कोणी हाक मारत नाही.

ज्यांना पुढे जायचं आहे त्यांनी खेळाच्याच भाषांतरात हात घालावा. खुल्या सोर्सच्या बहुतेक खेळांत मूळ वाक्यं आणि भाषांतरं वेगळ्या फाइलींत असतात, एका ओळीत मूळ, खालच्या ओळीत आपलं. प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. फायरफॉक्स, लिबरऑफिस, गनोम यांचं मराठी अशाच लोकांच्या हातून आलं. एकच सूचना, जोडाक्षरं खेळाच्या आत नीट उमटतात का हे आधी दहा वाक्यांवर तपासा. 'र्‍या' आणि 'क्ष' यांनी भल्याभल्या फॉन्टची फजिती केली आहे. सगळं भाषांतर करून मग चौकोनी डबे पाहण्यात अर्थ नाही.

तार, अंतर आणि वॉर्डन

गडी न टिकण्याचं एक कारण शुद्ध भौतिकशास्त्र आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर धावतो. सर्व्हर फ्रँकफर्टला असेल तर मुंबईपासून सरळ रेषेत 6,500 किलोमीटर, जाऊन-येऊन 13,000, म्हणजे 65 मिलिसेकंद तर देवानेच घेतले. केबल सरळ रेषेत जात नाही, मध्ये राउटर असतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा याच्या बराच वर जातो. सिंगापूर धरलं तर हाच किमान आकडा 40 च्या आत येतो, आणि मुंबईतच सर्व्हर असेल तर प्रश्न मिटला. नेमबाजीच्या खेळात हा फरक जिवावर बेततो, कारण आपण गोळी झाडेपर्यंत समोरचा भिंतीआड गेलेला असतो. म्हणून चाहत्यांनी कंपनीकडे मागायचंच असेल तर नव्या टोप्या आणि रंगीत बंदुका मागू नयेत, जवळचा सर्व्हर मागावा. ॲमेझॉनने मुंबईत क्लाउडची सोय 2016 मध्येच सुरू केली, तेव्हा जागा नाही ही सबब आता राहिलेली नाही. मागताना 'लॅग होतो' एवढंच लिहून पाठवू नका. गाव, जोडणीचा प्रकार, वेळ आणि पिंगचे दहा आकडे लिहा. बगबद्दलही तेच: कोणती आवृत्ती, कोणती ऑपरेटिंग सिस्टीम, काय केल्यावर बिघडलं. प्रॅक्टिकलच्या वहीत जे लिहायचा कंटाळा येतो तेच इथे उपयोगी पडतं.

पाळीपाळीने चालणाऱ्या खेळाला ही अडचण नाही. समोरचा विचार करायला दोन मिनिटं घेतो, त्यात 200 मिलिसेकंद कोण मोजतो? खेड्यातल्या डळमळीत नेटवर्कवर कोणता खेळ रुजेल हे ठरवताना हा मुद्दा सगळ्यात आधी पाहावा. सुट्टीत मी भातकुलीहून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डाव खेळलो आहे. मध्ये नेटवर्क गेलं, डाव जतन होता, आल्यावर पुढे सुरू केला.

होस्टेलात तर इंटरनेटही लागत नाही. एका लॅपटॉपवर वेस्नॉथचा सर्व्हर चालू करायचा, तो 15000 क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो, बाकीच्यांनी त्याचा आयपी पत्ता टाकायचा, झालं. सगळी रहदारी इमारतीच्या लॅनवरच फिरते, बाहेरच्या जोडणीवर भार नाही. हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण हा अंक स्टाफही वाचतो. नेटवर्क सांभाळणाऱ्या सरांकडे आम्ही लेखी अर्ज घेऊन गेलो, कोणतं पोर्ट, कोणता वार, किती वाजेपर्यंत. त्यांनी पाच मिनिटांत परवानगी दिली आणि वर विचारलं, "दोन जण एकाच मशीनवर खेळू शकतात का?" शकतात, सर. ज्याच्याकडे लॅपटॉप नाही त्याच्यासाठी हीच सोय सगळ्यात चांगली, एक पट, दोघं आळीपाळीने. आमचे निम्मे गडी याच वाटेने आले.

वॉर्डन सरांची शंका वेगळी होती, यात पैसे लावतात का? शंका रास्त आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता मिळाली. आमच्या खेळात पणाला लागतं ते खेळातलं सोनं, आणि हरणाऱ्याकडून फार तर एक कटिंग चहा. चहाही आता बंद केला आहे, कशाला उगाच!

वाट पाहण्याबद्दल

काही खेळांचं नशीब उशिरा उघडतं. 'अमंग अस' हा खेळ तीन माणसांच्या इनरस्लॉथ कंपनीने 2018 च्या जूनमध्ये आणला. दोन वर्षं त्याला फार कोणी विचारलं नाही. कोरिया आणि ब्राझीलमध्ये थोडे चाहते होते, ते खेळत राहिले, दाखवत राहिले. 2020 च्या उन्हाळ्यात जग घरात अडकलं आणि काही मोठ्या स्ट्रीमरांनी तो उचलला. महिन्याभरात हा खेळ घरोघरी पोचला. हे सांगून मी असं म्हणत नाही की वाट पाहा, आपलाही दिवस येईल. लाखातल्या एकाचा येतो. पण ज्या दिवशी आला त्या दिवशी खेळ जिवंत होता, सर्व्हर चालू होता, शिकवायला जुने लोक होते, हे त्या थोड्या चाहत्यांमुळे.

याहून चिवट लोक 'सिटी ऑफ हीरोज'चे. कंपनीने तो खेळ 30 नोव्हेंबर 2012 ला बंद केला. लोकांनी हार मानली नाही. 2019 पासून चाहत्यांचे स्वतःचे सर्व्हर उघडपणे चालू लागले आणि जानेवारी 2024 मध्ये कंपनीने त्यांच्यातल्या 'होमकमिंग' या गटाला रीतसर परवाना दिला. अकरा वर्षं! आपल्याकडे बॅकलॉगसुद्धा इतका काळ कोणी वाहत नाही.

मात्र सगळे खेळ असे वाचवता येत नाहीत. सर्व्हरचा प्रोग्राम कंपनीच्या कुलपात असेल तर कंपनी गेली की खेळ गेला, चाहत्यांनी कितीही छाती बडवली तरी. म्हणून जीव लावण्याआधी पाहून घ्यावं, स्वतः सर्व्हर चालवता येतो का, लॅनवर खेळता येतो का, सोर्स खुला आहे का. मुलगी पाहायला जाताना घरात पाण्याची सोय आहे का हे आमच्या तालुक्यात आधी विचारतात, तसंच हे.

आणि एक पथ्य. प्रचार करताना दुसऱ्याच्या खेळाला नावं ठेवू नयेत. आमच्यातल्या एकाने सुरुवातीला बीजीएमआय खेळणाऱ्यांच्या खोलीत जाऊन 'हे काय लहान पोरांचं खेळता' असं भाषण दिलं होतं. त्या खोलीतून आजवर एकही गडी आला नाही, आणि ती मजल्यावरची सगळ्यात मोठी खोली आहे! याउलट समोरच्या खोलीत आम्ही काहीच बोललो नाही, फक्त दार उघडं ठेवून खेळत बसलो. वेस्नॉथमध्ये प्रेक्षक म्हणून डाव पाहता येतो. तिघे दारात उभे राहून पाहू लागले, मग पलंगावर बसले, मग सल्ले देऊ लागले. सल्ला देणाऱ्याच्या हातात माउस द्यायचा, एवढंच काम उरतं.

जूनच्या आधी

आता आमच्या चार गड्यांकडे येतो. शेवटच्या वर्षाचे पाच जण जायच्या आधी आम्ही एक दोनशे पानी वही केली आहे. पहिल्या पानावर सर्व्हर कसा चालू करायचा ते, पायरीपायरीने. दुसऱ्यावर परवानगीच्या अर्जाचा नमुना. मग मराठी सूचनांची मूळ प्रत, आणि पुढे शनिवारच्या डावांची नोंद, कोण कोणाशी, कोणत्या पटावर, किती वाजता संपला. ही वही नेहमी दुसऱ्या वर्षाच्या मुलाकडे राहणार, तिसऱ्याच्या किंवा चौथ्याच्या नाही, म्हणजे सांभाळणारा निदान दोन वर्षं इथेच असेल. गेलेले पाच जण शनिवारी रात्री साडेनऊला जिथे असतील तिथून मोठ्या सर्व्हरवर येणार असं कबूल झालं आहे. त्यातले दोघे येतील असं मी धरून चाललो आहे.

पहिल्या वर्षाची मुलं होस्टेलात आली की पहिला आठवडा त्यांना कोणी विचारत नाही, मेसची वेळही माहीत नसते, घरची आठवण येत असते. त्या शनिवारी आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या टीव्ही रूममध्ये चार लॅपटॉप मांडून बसणार आहोत, सूचनांच्या तीस झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. माउस ज्याचा त्याने आणावा, आमच्याकडे तीनच आहेत आणि त्यातल्या एकाचं उजवं बटण अडकतं.